मुंबईहून पहिल्यांदा क्रूझला निघताना

क्रूझचं बुकिंग झालं त्या रात्री सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "बोट लागली तर?" लहानपणी त्या मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीनं देवगडला जायच्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची, मग हात धरून एकेकाला पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवायचे आणि पडाव किनाऱ्याला लागायचा. त्यांना समुद्र माहीत होता. आम्ही मात्र पोहण्याचा तलाव, नाटकाचं थिएटर आणि चार वेळचं जेवण एवढंच बघून पैसे भरले होते. आमची खरी तयारी त्यांच्या त्या प्रश्नापासून सुरू झाली, आणि तुमचीही तिथूनच व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत राहणाऱ्याला एक सवय असते. काही विसरलं तर खाली उतरायचं, कोपऱ्यावर मेडिकल आहे, वाणी आहे, झेरॉक्सवाला आहे. जहाजावर हा कोपरा नसतो. छोटंसं दुकान असतं, दवाखानाही असतो, पण तुमच्या रक्तदाबाची नेमकी गोळी तिथे मिळेलच असं नाही. म्हणून यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे मी एकच गोष्ट विचारते : ही दोन दिवस मिळाली नाही तर अडेल का? अडणार असेल तर ती आधी भरायची, बाकीचं जागा उरली तर.

बॅगेच्या आधी तारीख. मुंबईहून क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर आपला समुद्र खवळलेला असतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचसुद्धा भर पावसाळ्यात बंद असतात, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात होड्या घालतात. पहिल्या वेळेला मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुचवीन, कारण डेकवर दुपारीही उभं राहता येतं. २०२१ पासून मुंबई-गोवा फेऱ्या नियमित सुरू झाल्या आहेत. पहिल्यांदा जाताना तिथली दोन रात्रींची सफर पुरे. लक्षद्वीप सुंदर आहे, पण त्याला जास्त दिवस लागतात आणि तिथे उतरायला परवाना लागतो. परवान्याचं काम बहुधा क्रूझवालेच करतात, तरी फॉर्म आणि फोटो त्यांनी मागितल्याबरोबर द्या. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि लहान होडीतून बेटावर नेतात, म्हणजे सासूबाईंचा पडावच. गुडघे दुखत असतील तर हलत्या होडीत पाय टाकायला जमेल का, हे बुकिंगच्या आधीच ठरवा.

आता बोट लागण्याबद्दल. यावर एक साधी रंगीत तालीम करता येते आणि ती मी प्रत्येकाला सांगते : महिनाभर आधी एका रविवारी गेटवेहून लाँचनं मांडव्याला जाऊन या. तासाभराचा प्रवास आहे. लाँच मोठ्या जहाजापेक्षा कितीतरी जास्त हलते, तेव्हा तिच्यात ज्याला काही झालं नाही त्याला क्रूझवर होण्याची शक्यता कमीच. ज्याला मळमळलं, त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी ठरवायला हाताशी वेळ राहतो. आपल्याकडे एसटीच्या घाटासाठी घरात ॲव्होमिन असतेच, पण तिनं झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी असली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, निदान तासभर आधी घ्यायची. बरोबर आलेपाक ठेवा. पोट अगदी रिकामं ठेवू नका, तट्ट भरूही नका. मळमळलं तर केबिनमध्ये जाऊन आडवं पडून मोबाइल बघण्यापेक्षा डेकवर या आणि जिथे आकाश पाण्याला टेकतं तिथे नजर ठेवा. कानाला जाणवणारं हलणं डोळ्यालाही दिसलं की मेंदूचा गोंधळ कमी होतो.

केबिन निवडतानाही हेच लक्षात ठेवायचं. जहाज सीसॉसारखं मध्यावर तोललेलं असतं, टोकं जास्त वरखाली होतात आणि उंचावर डोलणं जास्त जाणवतं. म्हणून ज्याला त्रास होतो त्यानं खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली मागावी. बाल्कनीची खोली महाग, आणि ती बहुतेक वरच्या मजल्यांवर असते. दोन रात्रींसाठी बिनखिडकीची खोलीसुद्धा चालते, कारण माणूस तिथे झोपायलाच जातो. पण ज्यांना लिफ्टमध्ये गुदमरतं त्यांनी निदान गोल खिडकीची तरी घ्यावी.

पैशाचं एका परिच्छेदात सांगते. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवेचे पैसे चढतात. जहाजावर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावर खर्च लिहिला जातो आणि शेवटी बिल येतं. शीतपेयं, मद्य, वायफाय, गोव्यातली सहल, काही खास हॉटेलांतलं जेवण हे बहुतेक ठिकाणी वेगळं. भाडं दोघांच्या खोलीवर धरलेलं असतं, त्यामुळे एकट्यानं जाणाऱ्याला ते अंगावर येतं. रद्द केलं तर किती कापतात, हे पैसे भरण्याआधी वाचा, नंतर नाही.

कागदपत्रांत भारतातल्या फेरीसाठी सरकारी ओळखपत्र लागतं : आधार, मतदार कार्ड, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. मुलांचंसुद्धा. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय ना, ते बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या आम्हा बायकांची इथेच अडचण होते. सिंगापूरहून क्रूझ घेणार असाल तर पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालू हवा, आणि सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना ते तपासा, कारण जहाज मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरलाच येतं. आणि घरात कोणी गरोदर असेल तर आधी विचारा. चोविसावा आठवडा लागल्यावर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळही.

आता बॅगा. मोठी बॅग धक्क्यावरच तुमच्या हातातून जाते. तिला खोलीच्या नंबरचं लेबल लावतात, ती तपासणीतून जाते आणि खोलीच्या दारात काही तासांनी येते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी बारा वाजता बॅगा दिल्या, त्यांतल्या एकीत सासूबाईंचा औषधाचा डबा होता, तो वारांचे सात कप्पे असलेला निळा. संध्याकाळी सहाला गोळीची वेळ झाली तेव्हा डबा जहाजाच्या पोटात कुठेतरी होता. मी मजल्यावरच्या प्रत्येक दारापाशी वाकून लेबलं वाचत फिरले. बॅग पावणेनऊला आली. त्यांना काही झालं नाही, पण ते पावणेतीन तास मी विसरलेले नाही. तेव्हापासून खांद्यावरच्या पिशवीत हे असतंच : दोन दिवस जास्तीची पुरतील एवढी सगळी औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्रं, चष्मा, चार्जर, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, आणि मुलांचे पोहायचे कपडे, कारण मुलं चढल्या चढल्या तलाव शोधतात.

मोठ्या बॅगेत कपडे वाटतात त्याहून कमी लागतात. फक्त एक गोष्ट उलटी आहे, ती म्हणजे थंडी. जहाजाच्या आत एसी सणसणीत असतो आणि रात्री डेकवर वारा. मुंबईची माणसं सुती कपडे भरतात आणि नाट्यगृहात कुडकुडत बसतात. प्रत्येकी एक स्वेटर किंवा जाड शाल हवीच. डेकवर साडी नेसायची तर पदराला पिन लावा. ओल्या फरशीवर न घसरणारे रबरी तळाचे बूट किंवा सँडल घ्या, आणि एका संध्याकाळसाठी जरा ठेवणीतलं काहीतरी. तलावात सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, पोहण्याचेच कपडे लागतात. केबिनच्या भिंती पोलादी असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार हुक नेले तर टोप्या, ओले टॉवेल, पिशव्या टांगायची सोय होते. खोली लहान, त्यामुळे या एवढ्याशा वस्तूनं जमीन मोकळी राहते.

काय नेऊ नये तेही सांगते. इस्त्री, पाणी उकळायची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, सुरी हे काढून घेतात. समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं, अग्निशमन दल यायला तिथे रस्ता नाही, तेव्हा रोजच्या देवपूजेची सवय असेल त्यांनी हे नियमाचं खुसपट न समजता मनानं स्वीकारावं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, खिशातल्या गणपतीसमोर नुसते हात जोडले. बाहेरचं खाणंही बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा चिवड्या-लाडवांचे डबे घरीच राहू द्या. बाळाचं खाणं मात्र नेता येतं, आधी कळवून ठेवा. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. उपास असेल तर बुकिंगच्याच वेळी सांगा, आणि चढल्यावर पुन्हा एकदा मुदपाकखान्याच्या माणसाला भेटून सांगा. आमच्या फेरीत संकष्टी आली होती. आईंना साबुदाण्याची खिचडी मिळाली, आणि त्यांनी चंद्रोदय डेकवर बघितला. आधी पाण्यावर तांबूस उजेड, मग एकदम अर्ध्या भाकरीएवढा चंद्र. आमच्या गॅलरीत तो समोरच्या इमारतीमागून दीड तास उशिरा येतो.

फोनबद्दल : किनारा दूर गेला की रेंज जाते, आणि मग फोन जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडू शकतो. त्याचं बिल भयंकर येतं. निघताना फोन विमान मोडवर टाका. घरच्यांना "परवा सकाळपर्यंत फोन लागणार नाही" असं आधी सांगून ठेवा, नाहीतर ते काळजीनं अर्धे होतील. तिकिटं आणि ओळखपत्रं छापून घ्या.

जहाज बॅलार्ड इस्टेटच्या धक्क्यावरून सुटतं. निघायच्या दिवशी सीएसएमटीला उतरून टॅक्सीनं तिथे जायला दहा मिनिटं पुरतात, पण रविवार असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा. पुण्याहून येणाऱ्यांनी डेक्कन क्वीनवर भिस्त ठेवण्याऐवजी शक्य तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा. गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. चढण्याची वेळ ठरावीक तासांची असते आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होतं.

चढल्यावर सुरक्षेचा सराव होतो. तो कंटाळवाणा वाटून लोक खोलीत बसतात, कृपा करून तसं करू नका. १९१२च्या टायटॅनिकनंतर समुद्रावरच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम झाले, आणि २०१२मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं सक्तीचं झालं. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की तुमची जमण्याची जागा कोणती, जिना कुठला, हे पायांनी चालून पाठ करा. मुलांना घेऊन एकदा, आणि आजी-आजोबांना घेऊन त्यांच्या चालीनं आणखी एकदा.

सुटताना सगळे डेकवर या. शहर उजव्या हाताला सरकत जातं : गेटवे, ताज, कुलाब्याचं टोक. पुढे डाव्या हाताला खांदेरी-उंदेरी. दुर्बीण असेल तर हीच वेळ. युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आपल्या किल्ल्यांत खांदेरीही आहे, आणि तो पाण्याकडून बघण्याचा योग रोज येत नाही.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर, म्हणजे जायला-यायला बराच वेळ. परत चढायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, तीच कागदावर लिहून खिशात ठेवा आणि तासभर आधी परता. चुकलात तर कोकण रेल्वेनं स्वतःच्या पैशानं घरी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, अंतर्वस्त्रं, दात घासायचा ब्रश आणि औषधाचा डबा बाहेर काढला का, हे बॅग लोटण्याआधी बघा. मग पहाटे साडेपाचचा गजर लावा आणि शाल घेऊन डेकवर जा. कुलाब्याच्या टोकापलीकडे प्रॉन्ग्स दीपगृहाचा झोत फिरत असतो, त्याच्यामागे शहराचे दिवे एकेक करून दिसायला लागतात, आणि थोड्याच वेळात सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागतात.