पवित्र जगायचं, तर लेवीय एकोणिसावा अध्याय घेऊन शेतात चला

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नव्या आलेल्या बाया मला हमखास विचारतात, "ताई, पवित्र राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" त्यांच्या मनात उपास, पांढरी साडी, टीव्ही बंद असलं काहीतरी असतं. मी म्हणते, बायबल उघडा, लेवीय 19 काढा. दुसऱ्याच वचनात देव म्हणतो, पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. आणि नवव्या वचनात तो शेतात येऊन उभा राहतो. धुरा, मजुरी, चहाडी, मनातली अढी, वजनमाप, सगळं त्याच अध्यायात आहे.

जालना जिल्ह्यात आमची चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. यजमान गेल्यापासून मीच बघते. आमच्या भागात हा विश्वास शेतीचा हात धरूनच रुजला. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हा प्रार्थनेसोबत नांगर होताच. म्हणून मी सांगते ते शेतातलंच.

एक गोष्ट आधी पक्की करा. हे सगळं तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावण्यासाठी नाही. तारण कृपेनं मिळालंय, ते देवाचं दान आहे, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालोय (इफिस 2:8 ते 10). हा क्रम उलटा केला की माणूस एक तर गर्विष्ठ होतो, नाहीतर खचतो.

आता अध्याय मोठ्यानं वाचा, एका दमात नको. एक आठवडा, एक वचन. ज्या वचनाला आवाज आपोआप बारीक होतो, तिथून सुरुवात करा. माझा आवाज पस्तिसाव्या आणि छत्तिसाव्या वचनाला बारीक झाला. खरी तागडी, खरी वजनं.

वेचणीला बाया किलोवर असतात. लिंबाच्या फांदीला काटा टांगायचा, गाठोडं अडकवायचं, आकडा वहीत मांडायचा. मी दर गाठोड्यामागे एक किलो कापत होते. कारण तयार असायचं, सकाळच्या दवानं कापूस ओला असतो. पण दुपारच्या कोरड्या गाठोड्यातूनही किलो कापतच होते. नऊ बाया, दिवसातून दोन वजनं, म्हणजे अठरा किलो. दहा रुपये दरानं रोजचे 180 रुपये. त्या हंगामात चौदा दिवस वेचणी चालली, 2,520 रुपये झाले. हिशोब वहीतच होता, मला फक्त बेरीज करायची होती.

बेरीज केली त्या रात्री झोप लागली नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं (लूक 19:8). मला दुप्पटच जमलं, प्रत्येकीला 560. तांड्यावर जाऊन दिले, आणि कशाचे आहेत तेही सांगितलं. तेवढं सांगायला जीभ उचलत नव्हती. त्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "माय, आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर आम्ही पहाटेच दवातला कापूस आधी वेचायचो." माझ्या एका किलोनं त्यांनाही खोटं शिकवलं होतं. पाप एकट्या माणसापाशी थांबत नाही, हे मी अनेक प्रवचनांत ऐकलं होतं, पण कळलं तिच्या ओट्यावर.

तुमच्याकडे काटा असेल तर असं करा. युरियाची न फोडलेली गोणी 45 किलोची असते. हंगामाच्या आधी ती काट्याला लावा, मजुरांसमोर लावा. आकडा कमी-जास्त दिसला तर काटा दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. गाठोड्याचं रिकामं फडकं एकदा वजन करा आणि तेवढंच कापा. ओलावा वाटला तर कापूस उन्हात पसरून संध्याकाळी वजन करा, अंदाजानं कापू नका. ज्या बाईचा कापूस, तिला आकडा वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर तिच्या लेकराला जवळ बोलवा.

तेरावं वचन मजुरीचं आहे. मजुराचे पैसे रात्रभर आपल्याकडे राहू द्यायचे नाहीत. आमच्याकडे रीत बाजाराच्या दिवशी पैसे द्यायची. बायांनी स्वतःहून आठवड्याचं मागितलं तर गोष्ट वेगळी. पण आपल्या सोयीसाठी आपण थांबवत असू, तर ते चूक आहे. मी वेचणी सुरू व्हायच्या आधीच बचत गटातून थोडे पैसे उचलून ठेवते, सुट्या नोटा करून. पैसे तिच्याच हातात द्या. नवऱ्याच्या फोनवर पाठवले की तिच्यापर्यंत किती पोचतात, हे आपल्याला माहीत असतं. आणि खरंच पैसे नसतील तर कामाच्या आधी सांगा, काम झाल्यावर नको.

बांध कोरू नका. त्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही, कोरणाऱ्याला ठाऊक असतं.

सोळावं वचन चहाडीचं आहे, आणि इथं आपण विश्वासणारेच जास्त घसरतो. "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हणून आपण दुसऱ्याच्या लेकीचं, सुनेचं सगळं उघड्यावर मांडतो. मी एक नियम केलाय. जिच्याबद्दल बोलायचं, तिला आधी विचारायचं, "तुझ्यासाठी मंडळीत प्रार्थना मागू का?" ती नको म्हणाली तर घरात, दार लावून, एकटीनं.

अढी असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, रविवारची वाट बघू नका. वेदीपाशी आठवलं तर दान तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय (मत्तय 5:23, 24), मग आठवडा हातात असताना का थांबायचं? पाण्याच्या मोटारीच्या पाळीवरून माझं आणि जावेचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी गेले तेव्हा ती भांडी घासत होती. काही न बोलता शेजारी बसून विसळू लागले. बोलणं त्यानंतर झालं.

घसराल, तेव्हा त्याच दिवशी देवाजवळ कबूल करा (1 योहान 1:9). उद्यावर ढकललेलं पाप परवा सवय होऊन बसतं.

आणि सरवा, म्हणजे पीक काढल्यावर शेतात राहिलेलं. नवव्या आणि दहाव्या वचनात देव तो गरिबांसाठी सोडायला सांगतो. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची घाई असते. बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक, ठेवू नका असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात, ते बरोबरच आहे. पण उपटायच्या आधी दोन दिवस वस्तीवर निरोप द्या की राहिलेला कापूस ज्याला वेचायचा त्यानं वेचावा. मागच्या वर्षी एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. ओटीत मूठभर कवडी कापूस होता. तिनं विचारलं, "यातला वाटा किती द्यायचा?" दुसरीकडे अर्धा घेतात म्हणे. बायबलमधल्या बवाज या शेतमालकानं सरवा वेचणाऱ्या विधवा रूथसाठी मुद्दाम कणसं टाकायला लावली होती, ते आठवलं. तेव्हापासून शेवटच्या वेचणीला धुऱ्याकडच्या दोन ओळी मी बायांना वेचू देत नाही, त्या तशाच सोडते.