कस्टम्सचे अधिकारी बोटीवर किंवा गोदामात आले तर

सीमाशुल्क कायदा, 1962 बोटीला एक नियम लावतो आणि गोदामाला दुसरा. लोक नेमकं उलटं वागतात. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वॉरंट मागत अडून बसतो आणि गोदामवाला एकही प्रश्न न विचारता शटर वर करतो.

आधी बोटीचं पाहू. कलम 37 प्रमाणे आयात-निर्यातीचा माल असलेल्या जहाजावर अधिकारी केव्हाही चढू शकतात आणि त्यांना गरज वाटेल तितका वेळ थांबू शकतात. बोट तस्करीसाठी वापरली आहे, वापरली जाते आहे किंवा वापरली जाणार आहे असं मानायला कारण असेल, तर कलम 106 खाली ती अडवून झडती घेता येते. दोन्ही ठिकाणी लेखी हुकूम लागत नाही. ओळखपत्र जरूर पाहा, नाव आणि हुद्दा लिहून घ्या, पण चढू देणं टाळू नका. थांबण्याचा इशारा मिळाला की लगेच थांबा. इशाऱ्याचा बार काढूनही न थांबणाऱ्या बोटीवर गोळीबार करायची मुभा कलम 106 मध्येच आहे.

झडतीला कस्टम्सवाले रमेजिंग म्हणतात. इंजिनरूमच्या फ्लोअर प्लेटखालची जागा, बिल्ज (तळाशी पाणी साचतं ती जागा), टाक्या, केबिनच्या छताची पॅनेलं असं सगळं उघडलं जातं. चाव्या द्या, चाव्या रोखून धरल्या तर कुलूप तोडायचा अधिकार त्यांना आहे. बंद टाकीत मात्र हवा खेळवल्याशिवाय आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका, अधिकाऱ्यालाही नाही. हे स्पष्ट सांगा आणि पंचनाम्यात लिहायला लावा. जीव वाचवण्यासाठी सांगितलेली गोष्ट म्हणजे अडथळा नव्हे. जाणूनबुजून अडथळा आणला तर कलम 133 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गोदाम, ऑफिस किंवा घर असेल तर कलम 105 लागतं. जप्तीला पात्र माल किंवा कामाची कागदपत्रं तिथे दडवली आहेत असं मानायला कस्टम्सच्या सहायक आयुक्ताला किंवा उपायुक्ताला कारण हवं. तो स्वतः तरी येतो, नाहीतर दुसऱ्याला अधिकारपत्र देऊन पाठवतो. म्हणून इथे कागद मागायचाच. त्यावर पत्ता तुमचाच आहे का, गाळा नंबर बरोबर आहे का, सही कुणाची, हे वाचा. अधिकारपत्रावर डिन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो कस्टम्सच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या तिथे खात्री करता येते. डिन नसेल तर तसं का, ते विचारा. काही तातडीच्या प्रसंगी डिनशिवाय कागद काढता येतो, पण नंतर 15 कामकाजाच्या दिवसांत तो नियमित करावा लागतो.

खरी कसोटी पंचनाम्याची. दोन स्वतंत्र पंच झडती सुरू होण्याआधी हजर हवेत. संपल्यावर सहीपुरते बोलावलेले पंच चालत नाहीत. तुमचा माणूस शेवटपर्यंत सोबत ठेवा. ज्या खोलीत तो नव्हता, तिथे काय सापडलं यावर पुढे वाद होतो. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. पंचनाम्यात सुरुवातीची आणि शेवटची वेळ, प्रत्येक वस्तू कुठून निघाली, नग, वजन, सीलचा क्रमांक हे सगळं यायला हवं. 'इतर किरकोळ माल' अशी नोंद दिसली तर हरकत घ्या. चूक राहिली असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, कोऱ्या जागा आडव्या रेघेने बंद करा आणि प्रत घेतल्याशिवाय सोडू नका. जबाबाचंही तसंच: कलम 108 खाली खरं सांगणं बंधनकारक आहे, पण न वाचता सही करणं बंधनकारक नाही.

कागदपत्रं नेली तरी कलम 110 प्रमाणे अधिकाऱ्यासमोर त्यांच्या प्रती काढून घेण्याचा हक्क राहतो. धंदा अडू नये म्हणून प्रतींसाठीचा अर्ज लगेच द्या. माल जप्त झाला तर तारीख नोंदवून ठेवा. सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस आली नाही आणि मुदत संपण्याआधी आयुक्ताने कारण नोंदवून ती वाढवल्याचं कळवलंही नाही, तर माल परत करावा लागतो. मुदतवाढ जास्तीत जास्त आणखी सहा महिन्यांची. नाशवंत माल असेल तर वाट पाहू नका. कलम 110-ए खाली बंधपत्र आणि तारण देऊन तात्पुरता सोडवून घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा.

बोट भाड्याने दिली असेल तर मालकाला अजून एक काम आहे. तस्करीत वापरलेली बोटही जप्त होते. ती वाचवायची तर मालकाला, त्याच्या एजंटला आणि तांडेलालाही काही माहीत नव्हतं, हे मालकाने सिद्ध करावं लागतं. भाडेकरार, प्रत्येक फेरीची मालाची यादी आणि खलाशांची नोंदवही किनाऱ्यावर वेगळी ठेवलेली असेल, तरच ते जमतं.