डोळ्यांखालील काळी वर्तुळे: घरच्या घरी काय करावे?

उपाय निवडण्यापूर्वी कारण ओळखावे. उजेडात आरशासमोर उभे राहून डोळ्याखालची त्वचा बोटाने हलकेच ताणावी. काळेपणा नाहीसा झाला तर ती बहुधा खोलगट भागाची सावली असते आणि तिच्यावर कोणताही लेप चालत नाही, मात्र तो तसाच राहिला तर त्वचेतील रंगद्रव्य वाढलेले असण्याची शक्यता अधिक.

निळसर झाक व सूज असल्यास थंडाव्याचा उपयोग होतो. चहाच्या दोन पिशव्या गरम पाण्यात भिजवून, फ्रिजमध्ये गार करून, मिटलेल्या डोळ्यांवर १० मिनिटे ठेवाव्यात; थंडाव्याने आणि चहातील कॅफिनने रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावतात. काकडीच्या चकत्याही चालतील, पण त्यांचा गुण मुख्यतः गारव्याचाच. लिंबाचा रस मात्र या नाजूक त्वचेला कधीही लावू नये, कारण त्याने आग होऊन डाग उलट गडद होतात.

पहाटे उठून नाशिकरोडहून मुंबईची गाडी पकडणाऱ्यांनी रात्री लवकर झोपून ७ तास झोप मिळवावी. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उन्हात राबणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी वापरावी. धुळीमुळे डोळे खाजत असतील तर चोळण्याऐवजी गार पाण्याने धुवावेत, कारण चोळण्यानेच वर्तुळे वाढतात.

थकवा व फिकटपणाही असल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जेवणात मेथी, अळीव आणि सोबत लिंबू असावे. जेवणालगतचा चहा टाळावा, तो लोहाचे शोषण कमी करतो. एकाच डोळ्याखाली अचानक काळेपणा किंवा सूज आल्यास डॉक्टरांना दाखवावे.