केटीची सवय जर्मनीला नेऊ नका

जर्मनीत मास्टर्सला निघालात म्हणजे एपीएस (आपली कागदपत्रं पडताळणारं कार्यालय), ऊनी-असिस्ट (विद्यापीठांसाठी अर्ज तपासणारी संस्था), ब्लॉक खातं (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) हे शब्द तुम्हाला एव्हाना पाठ झाले असतील. त्यात दोनच जागी लक्ष द्या. ब्लॉक खात्यातले वर्षाचे 11,904 युरो तुमच्या हातात महिन्याला 992 असे येतात, आणि पहिला हप्तासुद्धा पत्ता नोंदवून तिथलं बँक खातं उघडल्यावरच. तोवर खोलीची अनामत, सेमिस्टरची वर्गणी, विमा हे सगळं दारात उभं असतं. अनामत कायद्याने महिन्याच्या मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते (ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, मागून घ्या). दीड-दोन हजार युरो वेगळे न्या.

दुसरी जागा आपले गुण जर्मन श्रेणीत बदलण्याची. तिथे 1 सर्वात चांगला, 5 म्हणजे नापास. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, कमाल-किमान फरकाने भागायचं, तिनाने गुणून एक मिळवायचा. 10 पैकी 7.4 असतील आणि उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी 4 असेल तर 2.3 येतात. तपासणाऱ्याने किमान 5 धरली तर तेच 2.56. अट 2.5 ची असेल तर तिथेच अर्ज पडतो. म्हणून किमान श्रेणी किती, हे गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेलं नसेल तर आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या.

आता मुख्य गोष्ट. ही जागा मला अजून दुखते, तेव्हा लांबण लागली तर चालवून घ्या. आपल्याकडे विषय राहिला तर केटी. पुढच्या सत्रात सुटेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. जर्मनीत बहुतेक ठिकाणी प्रयत्न मोजलेले असतात, सहसा तीन. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही 5.0 आले की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. विद्यार्थी म्हणून मिळालेला राहण्याचा परवाना अभ्यासावरच टेकलेला, म्हणजे तोही डळमळला.

तीन प्रयत्न पुष्कळ वाटतात. ते वाया कसे जातात ते बघा. व्हिसा उशिरा मिळतो, मुलगा नोव्हेंबरात पोचतो. नियोजनात 30 क्रेडिट लिहिलेले असतात म्हणून तो पाच-पाच क्रेडिटचे सहा विषय नोंदवतो. एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, म्हणजे 30 चे किमान 750 तास. जानेवारीत लक्षात येतं की तीन विषय होणार नाहीत. मग 'बसायचंच नाही' असं ठरवतो. आणि इथेच फसतो. मुदतीत पोर्टलवर नोंदणी मागे घेतली नाही आणि गैरहजर राहिलात, तर 5.0 आणि एक प्रयत्न खर्च. मागे घ्यायची मुदत परीक्षेच्या काही दिवस आधी संपते. किती दिवस, ते प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. काही ठिकाणी नापास झाल्यावर पुढच्या परीक्षेला तुमचं नाव आपोआप लागतं, आणि ते ठाऊक नसल्याने दुसरा प्रयत्नही न बसताच जातो.

आजारी पडलात तर डॉक्टरांचा दाखला परीक्षा कार्यालयात लगेच पोचला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी तीन दिवसांत. ताप अंगावर काढून पेपर लिहिलात आणि नंतर दाखला नेलात तर सहसा उपयोग होत नाही.

तेव्हा पोचल्या आठवड्यात अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली उतरवून घ्या. ती जर्मनमध्येच असेल, भाषांतर करून वाचा. किती प्रयत्न, मागे घ्यायची मुदत, नापास झालेला ऐच्छिक विषय बदलता येतो का, शेवटच्या प्रयत्नानंतर तोंडी परीक्षेची सोय आहे का: एवढी चार उत्तरं कागदावर लिहून भिंतीला लावा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सीनियरला विचारू नका. तो त्याच्या नियमावलीचं सांगतो, तुमची वेगळी असते. पहिल्या सत्रात तीन, फार तर चार विषय पुरे. चार सेमिस्टरचा मास्टर्स सहा सेमिस्टरमध्ये करणारी जर्मन मुलंही ढिगाने आहेत, कोणी नावं ठेवत नाही.

नापास झालात तर तोंड लपवू नका, आइनझिश्टला जा. तपासलेला पेपर समोर ठेवतात, गुणांबद्दल विचारता येतं. आपल्या फोटोकॉपी-रिव्हॅल्युएशनपेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि तरी आपलीच मुलं जात नाहीत. जुने पेपर फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे मिळतात.

भाषेचं थोडक्यात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यातली बैठक जर्मनमध्ये चालते. 'आयटीत इंग्रजी चालतं' हे मेकॅनिकलवाल्याने ऐकूच नये. भारतातून निघताना जर्मनची बी1 (मधली) पातळी असावी, नोकरी शोधताना तिच्या वरची बी2. मराठी माणसाला तीन लिंगांचं तरी नवल नाही. फक्त तिथे मुलगी नपुंसकलिंगी आहे.

कामाला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस मुभा आहे. गोदामात रात्रपाळी करून ते संपवू नका. पैसे लवकर सुरू होतात, पण नोकरीच्या अर्जात त्याची किंमत शून्य. आपल्या शाखेतली वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ कामाची, जागा मिळायला तीन-चार महिने आणि बरेच नकार लागतील, तरी तीच शोधा. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, पण अर्ज विद्यार्थी परवाना संपायच्या आत करायचा.

काम सोडताना लेखी त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, मागा आणि शब्द तपासा. त्यातल्या ठरावीक शब्दांत श्रेणी लपलेली असते. 'आमच्या पूर्ण समाधानानुसार' म्हणजे जेमतेम तीनची श्रेणी. त्याआधी 'श्टेट्स', म्हणजे 'नेहमीच', असेल तर दोन. 'श्टेट्स' आणि 'फोल्स्टन', म्हणजे 'पूर्णतम', दोन्ही असतील तरच एक. 'श्टेट्स' गाळलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात जाऊन विचारा. साहेब बदलला की दुरुस्ती मिळणं अवघड होतं.