हिमालयाच्या पहिल्या ट्रेकसाठी सराव: पाठीवर पाण्याच्या बाटल्या

गोव्यात चढायला उंच डोंगर जवळ नाही, आणि उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर तर जवळपास 3,800 मीटरवर. मग सराव कुठे करायचा? पायऱ्यांवर. पणजीकरांना मळ्यातल्या मारुतीच्या पायऱ्या पुरेशा आहेत.

1. ट्रेकला नेणार तीच सॅक घ्या आणि तिच्यात पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटा नको. तीनपासून सुरुवात करा, दर आठवड्याला एक वाढवा.

2. पाणी मुद्दाम सांगतोय. वर पोचल्यावर गुडघा कुरकुरायला लागला, तर तिथल्या झाडांना ओता आणि हलके होऊन उतरा. दगड-पुस्तकं भरलीत तर ती खाली आणावीच लागतात.

3. पायात ट्रेकचेच बूट, आत तेच जाड लोकरी मोजे. आपल्या उकाड्यात नको वाटेल, तरी घालाच. उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला आपटतो का, हे नीट बघा. आधी नखं कापून, घोट्याजवळ नाडी घट्ट बांधून पुन्हा उतरा. तरीही आपटत असेल तर बूट लहान आहे, निघण्याआधीच बदला.

पहाटेच जा, उन्हं चढली की दमटपणाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर अजिबात नको.

आणि पाय कितीही तयार असले तरी विरळ हवेची सवय इथे होत नाही. वर डोकं दुखून मळमळायला लागलं तर लगेच गाईडला सांगा, पुढे चढू नका. त्रास वाढला तर खाली उतरा.