बुशक्राफ्टचा पहिला कोर्स: पैसे भरण्याआधी काय काय विचाराल

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून बुशक्राफ्ट, म्हणजे सुरी, दोरी आणि आग वापरून रानात राहण्याचं कौशल्य, शिकायचं असेल, तर फी विचारण्याआधी जागा विचारा. येऊरचं जंगल घराला लागून आहे, तिथेच चूल पेटवून शिकवतो असं कुणी म्हणालं, तर त्या कोर्सचा विचार सोडून द्या. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि पनवेलजवळचं कर्नाळा हे अभयारण्य आहे. दोन्हीकडे आग लावणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतं. राखीव वनात १९२७चा वन कायदा आडवा येतो. म्हणून मुरबाड, शहापूर, कर्जत भागातली खाजगी जमीन पाहायची. सातबारा कुणाच्या नावावर आहे, मालकाची परवानगी आहे का आणि जळण कुठून येतं, हे सरळ विचारा. गावातून मोळी विकत घेतो, असं उत्तर आलं तर बरं. महाराष्ट्राच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, तेही त्याच फोनवर विचारून टाका.

आता पैसे. स्वस्त कोर्स ओळखायचा तो फीवरून नाही, हातात सुरी, दोरी आणि आग किती तास राहणार यावरून. समजा, दोन दिवसांचे ३,००० रुपये आहेत आणि त्यात प्रत्यक्ष काम १० तासांचं आहे, तर तासाला ३०० पडले. दुसरीकडे १,८०० रुपये आहेत, पण ट्रेक, जेवण आणि रात्रीची गाणी वगळून तीनच तास उरतात, तर तिथे तासाला ६०० गेले. जेवण, जीएसटी, स्टेशनपासूनची जीप आणि हत्यारांचं भाडं फीमध्ये धरलंय का, हे लेखी घ्या. आसनगाव किंवा कसाऱ्यापर्यंत ठाण्याहून लोकल आहे, मुरबाडला कल्याणहून एसटी. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे बघूनच कोर्स संपायची वेळ मान्य करा.

वेळापत्रक मागवा आणि त्यात आगीचा भाग नीट वाचा. "आग पेटवणे" एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. काटक्या आगकाडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या अशा तीन जाडीत वेगळ्या करायला लावतात का? ओलं लाकूड असेल तर मनगटाएवढा ओंडका फोडून आतला कोरडा गाभा काढायला शिकवतात का? त्या गाभ्याची कुरळी सालपटं काढायची, पण ती काडीपासून तुटू द्यायची नाहीत. नवशिक्याचं इथेच चुकतं. तो पातं उभं धरतो, ते खोल रुततं आणि सालपट तुटून पडतं. पातं जवळजवळ सपाट ठेवून, कोपर ताठ करून, अंगाच्या वजनाने खाली सरकवलं की कुरळं सालपट जागेवर राहतं. चकमकीचंही तसंच (इथे चकमक म्हणजे फेरो रॉड, पात्याने खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची दांडी). आधी दांडीवरचा काळा थर खरवडून काढायचा. मग पातं पुढे हाणलं की ठिणगी धरायला ठेवलेला भुसा उधळतो, म्हणून पातं स्थिर धरून दांडी मागे ओढायची. सावरीचा कापूस ठिणगी झटकन धरतो पण लगेच विझतो, त्यात नारळाचा काथ्या मोकळा करून मिसळावा लागतो. हे सगळं प्रत्येकाला स्वतःच्या हाताने, निदान तीनदा करायला मिळायला हवं.

म्हणून एका प्रशिक्षकामागे आठच्या वर माणसं नकोत. सुरी चालवताना हात आणि पातं मिळून जेवढं पोहोचतं तेवढ्या घेरात दुसरं कुणी नको, आणि वीस जणांवर एकट्याची नजर राहत नाही. ओल्या बांबूचं बंद पेर आगीत टाकलं की फुटतं, आधी त्याला भोक पाडावं लागतं. नदीतला ओला गोटाही चुलीला लावू नये. हे प्रशिक्षक न विचारता सांगतो का, ते बघा.

रानभाजी शिकवणार असतील तर एक प्रश्न हमखास विचारा: शेवळं कशी शिजवता? काकड या झाडाची फळं किंवा चिंच घालून, असं उत्तर यायला हवं, नाहीतर घसा खाजतो. उत्तर देताना अडखळणाऱ्याकडून कळलावीसारख्या विषारी कंदाची ओळख शिकू नका. आपल्या भागातले ठाकर आणि कातकरी जाणकार सोबत असतील, तर असा कोर्स थोडा महाग पडला तरी घ्यावा. त्यांना मानधन किती मिळतं, हेही विचारायला संकोच करू नका.

सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथे रात्री गाडी कोण नेणार आणि १०८ला फोन लावायला रेंज कुठे मिळते, याची उत्तरं तयार हवीत. दंश झाल्यावर चिरा मारून रक्त काढतो किंवा घट्ट आवळपट्टी बांधतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

पहिल्यांदा जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. मार्चनंतर गवत वाळून वणव्याची भीती असते.

सामान कमी लागतं. साधारण १० सेंटिमीटर पात्याची, न दुमडणारी सुरी म्यानासह घ्या. पातं कार्बन स्टीलचं असेल तर आपल्या दमट हवेत गंजतं, वापरून झालं की पुसून खोबरेल तेल लावा. तीन बाय तीन मीटरची ताडपत्री, चार मिलिमीटरची १५ मीटर दोरी, दोन लिटर पाणी आणि हेडलॅम्प. चुलीपाशी सुती पूर्ण बाह्यांचा शर्टच घाला, नायलॉनवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. लोकलमध्ये सुरी म्यानात, कापडात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी.