चौदा कार्डं आणि एकशेदहावं पान

नव्याने कथा लिहिणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कथानक आधी आखून घ्यायचं, की सुचेल तसं लिहीत जायचं? मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हींत माझं प्रत्येकी जवळजवळ वर्ष गेलंय. नोकरी ऐरोलीला, घर ठाण्यात पाचपाखाडीला, लिहिणं पहाटे साडेपाच ते सात. एवढ्याशा वेळात एक वर्ष म्हणजे फार असतं. ते तुमचं वाचावं म्हणून हे सविस्तर सांगते.

पहिल्या मोठ्या कथेसाठी मी चौदा कार्डं केली होती, प्रत्येकावर एक प्रसंग. नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत, पुनर्विकासाचा प्रस्ताव आणि सही द्यायला नकार देणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या माई. नवव्या कार्डावर लिहिलं होतं, ‘माई बिल्डरच्या माणसाला दारातूनच परत पाठवतात.’ सगळी कथा तिकडे चालली होती.

चौथ्या प्रसंगात माई भाजी घेऊन जिना चढतात. लिहिता लिहिता त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, पिशवी कठड्याला टेकवली, वर बघितलं आणि उरलेल्या पायऱ्या मोजल्या. अठरा. हे कार्डावर नव्हतं, हातून आलं. आज ते वाचताना लख्ख दिसतं की या बाईला लिफ्ट हवी आहे. ती उद्या सकाळी सही करेल. घर पाडू नये असं वाटतंय ते तिच्या मुलाला, जो स्वतः घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये राहतो आणि महिन्यातून एकदा आईकडे जेवायला येतो. पण नववं कार्ड भिंतीवर चिकटवलेलं होतं, म्हणून मी माईंना त्या दारात नेऊन उभं केलं आणि त्यांच्या तोंडी वास्तूबद्दलचं एक लांबलचक भाषण घातलं. संपादकांनी कथा परत पाठवली. सोबत एकच ओळ होती: माई सही का करत नाहीत ते कळलं नाही. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. कादंबरी सुरू केली ती कसलंही टाचण न काढता. पहिले चार महिने इतके सुंदर गेले की अजून आठवतात. रोज पहाटे उठायचं आणि पात्रं कुठे नेतात ते बघायचं. ठाण्याची एक मुलगी आणि कळव्याचा एक मुलगा, दोघं वाशीला नोकरीला, रोज एकाच लोकलच्या दारात. काळ १९९८चा. तो सोडता येत नव्हता, कारण मुलाच्या वडिलांची गिरणी, मुलीच्या आईचं वय, सगळं त्या वर्षाला बांधलेलं होतं. एकशेदहाव्या पानावर लक्षात आलं की ठाणे–वाशी लोकल सुरू झाली २००४ मध्ये. १९९८ला ही दोघं त्या गाडीत भेटूच शकत नव्हती. आणि कादंबरीतली भांडणं, समेट, निरोप, सगळं त्या दारात घडलेलं.

मी रोज दहा नंबरच्या फलाटावरून तीच गाडी पकडते. ती कायमचीच होती असं मनाने धरून टाकलं होतं. अर्धं पान तारखांचा तक्ता केला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पुढे त्यांना ठाणे–बेलापूर रस्त्याच्या बसमध्ये बसवलं. बसमध्ये जागा मिळाली तर शेजारी बसावं लागतं, तासभर. लोकलच्या दारात गप्प राहता येतं, तसं तिथे राहता येत नाही. निम्मे प्रसंग नव्याने लिहावे लागले आणि ते आधीपेक्षा चांगले झाले. तरीही तो रस्ता कुणी मुद्दाम धरू नये.

या काळात मराठी ग्रंथ संग्रहालयातून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आणून वाचल्या. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात आठवड्याला एक भाग या हिशेबाने कादंबऱ्या लिहिल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट बघतोय, छापखाना मजकूर मागतोय, अशा घाईत माणसं इतकी जिवंत उतरतात हे बघून छाती भरून येते. पण त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेही खरं.

डिकन्सही हप्त्याहप्त्याने लिहीत असे, बहुतेक दर महिन्याला. त्याची टाचणं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपलेली आहेत. एका भागाला एक कागद. डाव्या अर्ध्यावर स्वतःलाच विचारलेले प्रश्न: अमक्याला या भागात आणायचं का? आणि त्यापुढे नंतर त्यानेच लिहिलेलं उत्तर, हो, नाही किंवा अजून नाही. उजव्या अर्ध्यावर त्या भागातली प्रकरणं. मला यातला ‘अजून नाही’ फार मोलाचा वाटतो. माझ्या कार्डांवर नुसती विधानं होती. प्रश्न एकही नव्हता, म्हणून माई जिन्यात थांबल्या तेव्हा मला थांबता आलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. दिवाळी अंकाची कथा अडीच-तीन हजार शब्दांची असेल तर आराखडा करत नाही. वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी: या माणसाला काय हवंय, आणि ते तो कुणाला सांगत नाहीये. मग पहिला खर्डा सलग, मागे न वळता. आठवडाभर तो बाजूला ठेवायचा आणि त्यानंतर आराखडा करायचा, लिहून झालेल्या कथेचा. प्रत्येक प्रसंगासमोर समासात एक ओळ: इथे काय बदललं? ज्या प्रसंगासमोर काहीच लिहिता येत नाही तो गाळायचा, कितीही लाडका असला तरी. नव्या लोकांना हे सर्वांत जड जातं. मलाही जातं.

कादंबरीला मात्र तारखांचा तक्ता हवाच. उभं वर्ष, आडवी पात्रं, चौकटीत वय, आणि शेवटच्या रकान्यात गावात तेव्हा काय होतं: कुठली गाडी, कुठला पूल, फोन कुणाच्या घरी. शेवटाचा प्रसंग धूसर का होईना दिसायला हवा. मधलं आखू नका. पुढची दोन प्रकरणं तेवढी प्रश्नांच्या रूपात लिहून ठेवा.

आणि वेळेचा हिशेब. बरेच संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत कथा मागतात. न आखता लिहिलेल्या कथेला माझे तरी तीन खर्डे लागतात, म्हणून मी एप्रिलमध्ये बसते.

माईंची कथा पुढच्या वर्षी पुन्हा लिहिली. चौथ्या प्रसंगातच त्या सही करतात, ओट्यावर, भाजी निवडता निवडता. तिथून कथा मुलाची होते. संध्याकाळी तो जिना चढून येतो, दारात आईला विचारतो, ‘मला विचारलं का नाहीस?’ माई त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणतात आणि म्हणतात, ‘आधी दम खा.’